शनिवारची खरखर

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारखान्यात त्यांना सगळे ‘शीतोष्ण’ म्हणतात आणि हे नाव त्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय की एकदा त्यांनी मला फोन करून ‘मी शीतोष्ण बोलतोय’ असं सांगितलं. मी राँग नंबर म्हणून फोन ठेवून दिला. मला शिवणाच्या गिऱ्हाइकांचेच फोन पुरेसे असतात.

त्यांचं काम वस्तू छळण्याचं आहे. मी हे चेष्टेने म्हणत नाही, त्यांना पगार त्याचाच मिळतो. विजेच्या यंत्रांना एक खोड असते. ती गुपचूप चालत नाहीत, चालता चालता तारेतून कुरबुर सोडत राहतात. ही कुरबुर शेजारच्या यंत्रांच्या कामात लुडबुड करते. कुठे पडद्यावर रेघा येतात, कुठे रेडिओ खरखरतो, दवाखान्यातलं एखादं नाजूक यंत्र भलतेच आकडे दाखवू लागतं. ही कुरबुर अडवण्यासाठी तारेच्या वाटेवर धातूची एक डबी बसवतात, साबणाच्या वडीएवढी. तिला फिल्टर म्हणतात. भाऊजींच्या कारखान्यात असे फिल्टर तयार होतात आणि बाहेर जाण्याआधी त्यांच्या तावडीत सापडतात.

एकदा मी त्यांचा विभाग बघून आले. लांबलचक खोली, फरशी धुतलेली, भिंतीला लागून जाड दारांची कपाटं. एका कपाटात भट्टीसारखी उष्णता, दुसऱ्यात हाडं गोठवणारी थंडी. तिसऱ्यात इतका दमटपणा की आतली काच रडत होती. एका पेटीत मिठाच्या पाण्याचं धुकं सोडलेलं होतं आणि कोपऱ्यात एक टेबल नुसतं थरथरत उभं होतं. प्रत्येक ठिकाणी बिचाऱ्या डब्या ठेवलेल्या. भाऊजी पांढरा कोट घालून त्यांच्यातून असे हिंडत होते की मला त्या डब्यांची दया आली. मी विचारलं, इतकं कशाला? त्यांनी मला समजावलं की टेबलावर ठेवल्यावर कोणीही गुणी दिसतो. हीच डबी उद्या जहाजावर जाईल, खाणीत जाईल, बर्फात उभ्या असलेल्या एखाद्या खांबावर बसेल. तिथे तिने कच खाल्ली तर?

इथवर ठीक होतं. पण माणूस घरीही तसाच होता. नवी छत्री आणली की भाऊजी ती उघडून शॉवरखाली उभे राहणार, कपड्यांसकट. नवे बूट आले की एक बूट फ्रीजमध्ये. ताईने एकदा फुलदाणी आणली, तर ती त्यांनी तीनदा गादीवर टाकून बघितली आणि चौथ्यांदा गादीच्या कडेला टाकली. त्यानंतर ताई फुलं पाण्याच्या बाटलीत ठेवू लागली. मी तिला म्हणायचे, तू हे कसं चालवून घेतेस? ती म्हणायची, माणूस वाईट नाही गं, फक्त विश्वास ठेवायला वेळ लागतो त्याला.

ताई घरी केक करून दुकानांना देते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचा ओव्हन चालू असतो आणि ओव्हनपाशी काम करताना तिला कसलाही आवाज खपत नाही, रेडिओसुद्धा बंद. फक्त शनिवारी संध्याकाळी ती एप्रन काढते, ओव्हन बंद करते, आणि बाहेरच्या खोलीत जुन्या रेडिओपुढे पाय वर घेऊन बसते. त्या वेळी एक मालिका लागायची. एका घड्याळजीचा खून झालेला असतो आणि खुनी सापडत नसतो. बास, एवढीच गोष्ट, पण वर्षानुवर्षं चालली होती. घड्याळजीची बायको, त्याचा भाऊ, समोरचा न्हावी, पोस्टमन, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. आता तुम्ही म्हणाल, नंतर फोनवर ऐकायची. त्या केंद्राला अजून ते सुचलेलं नव्हतं. लागली तेव्हा ऐकली तर ऐकली, नाहीतर गेली. आणि दुसऱ्या कोणी गोष्ट सांगितलेली ताईला चालत नसे. एकदा खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात सांगू लागली, तर ताई दोन्ही कान दाबून दोन मजले चढली. हातातली अंडी तिने त्या बाईच्याच हातात दिली होती.

तर झालं असं की या मालिकेच्या वेळी रेडिओ खरखरू लागला. पहिल्यांदा कारण साधं होतं. इमारतीतली लिफ्ट वर-खाली झाली की जरा करकर व्हायची. ताई सहज बोलून गेली की अहो, तुम्ही सगळ्या जगाची कुरबुर थांबवता, माझ्या रेडिओचं काहीतरी करा की. भाऊजींचा चेहरा उजळला. लग्नानंतर पहिल्यांदाच ताईने त्यांच्या धंद्यातलं काही मागितलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने एक फिल्टर बनवला. सुंदर डबी होती, मी पाहिली आहे. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, स्क्रू एका रांगेत. ताईने हात पुढे केला. भाऊजींनी डबी मागे घेतली.

“आधी पास होऊ दे,” ते म्हणाले.

कारखान्यातल्या कपाटांत ती ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. कंपनीची उष्णता घरकामाला वापरायची नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून चाचणी घरात सुरू झाली.

थंडीसाठी फ्रीजरमध्ये मटाराशेजारी डबी बसली. दमटपणासाठी न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून दार लावून घेतलं जायचं. टॉवेल कधी वाळेना, दार फुगून बसलं, आणि एकदा ताई आत अडकून पडली. हादऱ्यांसाठी डबी कपडे धुण्याच्या यंत्रावर पट्ट्याने बांधली आणि यंत्र रिकामंच घरघरत ठेवलं. ते चालत चालत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहायचं. मिठासाठी बाल्कनीत डबीवर रोज सकाळी खारं पाणी फवारलं जाई. डबीला काही झालं नाही, बाल्कनीचा कठडा गंजला आणि खालच्या बाईची झाडं माना टाकून मेली. ती बाई मालिकेची गोष्ट सांगायची बंद झाली ती तेव्हापासून, एवढाच फायदा. बुरशीसाठी एका डब्यात शिळ्या पावाबरोबर फिल्टर महिनाभर ठेवला. तो डबा ताईने केकचं पीठ समजून उघडला. त्या दिवसापासून ती घरातला प्रत्येक डबा आधी हुंगून मग उघडू लागली.

आणि उंचीवरची विरळ हवा! लग्नाच्या वाढदिवसाला भाऊजी तिला डोंगरावर घेऊन गेले. ताई इतकी खूश झाली होती की तिने माझ्याकडून नवा ड्रेस शिवून घेतला. शिखरावर पोचल्यावर भाऊजींनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. ताईला वाटलं, अंगठी असेल.

शेवटची पायरी उष्णतेची. फ्रीजरमधून काढायचं, थेट ओव्हनमध्ये टाकून कडक तापवायचं, पुन्हा फ्रीजर, पुन्हा ओव्हन, अशा फेऱ्या. नियम असा की एखादी फेरी अर्धवट राहिली तर आधीचं सगळं बाद, मोजणी पहिल्यापासून. आणि ओव्हन भाऊजींना कधी मिळणार? ताईचं केकचं काम बंद असेल तेव्हा. म्हणजे शनिवारी संध्याकाळी. ती बाहेर रेडिओपुढे बसली की हे हळूच आत जायचे आणि ओव्हन लावायचे.

फेऱ्या काही पुऱ्या होईनात. कधी वीज जायची, कधी मालिका संपताच ताई सवयीने ओव्हन उघडून आत केक सारायची, कधी भाऊजींनाच शिंक यायची आणि डबी हातातून निसटायची. पुन्हा पहिल्यापासून. इकडे रेडिओची खरखर वाढत चालली होती आणि तिची एक दुष्ट सवय होती. सुरुवातीला सगळं स्वच्छ ऐकू यायचं. न्हावी काय म्हणाला, पोस्टमन कुठे होता, सगळं. शेवटी शेवटी, गुप्तहेर घसा खाकरून आता काहीतरी सांगणार असं झालं की खर्रर्र. ताईला वर्षानुवर्षं संशयित कळत होते, पण कोण का सुटला ते कधीच कळलं नाही.

भाऊजींकडे उत्तर तयार असे. लिफ्ट. या वेळी लोक कामावरून घरी येतात ना, म्हणून. पुढे लिफ्ट बिघडली आणि बरेच महिने बंद पडून राहिली. खरखर होतीच. मग भाऊजी म्हणाले, मागच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर. तो शनिवारी दवाखाना बंद ठेवतो असं ताईने सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की मग तो घरी काहीतरी करत असणार. एका शनिवारी ते स्वतः त्या डॉक्टरच्या दारात जाऊन कान देऊन उभे राहिले. जाण्याआधी ओव्हन लावून गेले होते, हे सांगायला नको. आल्यावर म्हणाले, संशयास्पद शांतता आहे.

मग रेडिओवर जाहीर झालं की मालिका संपणार. अगदी थोडे भाग राहिले होते. ताईने भाऊजींना सांगितलं की आता पुरे, ती डबी जशी आहे तशी लावा. भाऊजींनी मान खाली घातली. फेऱ्या राहिल्यात गं, ते म्हणाले, न तपासलेली वस्तू मी तुझ्या रेडिओला कशी लावू? त्या शनिवारीही ऐन वेळी खर्रर्र झालं. ताई उठली. तिने रेडिओची वायर काढली, रेडिओ काखेत मारला, आणि एवढंच म्हणाली की शेवट मला ऐकू आला नाही तर मी या घरात परत येणार नाही.

ती माझ्याकडे आली. मला बरं वाटलं हे कबूल करते, कारण एकटीच्या घरात शिवणयंत्राशिवाय दुसरं बोलणारं कोणी नव्हतं. पण भाऊजींचा मला खरंच राग आला होता. इतक्या वर्षांत बायकोने एक गोष्ट मागितली आणि हा माणूस ती शिळ्या पावात घालून ठेवतो.

माझ्याकडचा पहिला शनिवार आला. मी यंत्र बंद केलं, ताईने माझ्या ओव्हनमध्ये चाललेलं तिचं काम थांबवलं, आणि आम्ही बसलो. अथपासून इतिपर्यंत एकदाही खरखर नाही. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. न्हावी का सुटला ते तिला त्या दिवशी कळलं. तुझ्याकडची हवाच चांगली आहे, ती म्हणाली. मलाही उगाच अभिमान वाटला, जसं काही ती हवा मी शिवली होती.

पुढच्या शनिवारी शेवटचा भाग. संध्याकाळी मालिका सुरू व्हायच्या जरा आधी दार वाजलं. दारात भाऊजी. दाढी वाढलेली, शर्टाच्या बाह्या ओल्या, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली बर्फाची बादली.

“तुझा ओव्हन चालू आहे ना?” त्यांनी मला विचारलं.

ताई कशी आहे, नाही. आत येऊ का, नाही. ओव्हन. मी दार लावूनच घेणार होते. पण त्यांनी बादलीत हात घातला आणि पिशवीत गुंडाळलेली ती डबी मला दाखवली, आणि धापा टाकत सगळं सांगितलं. ताई गेल्यापासून त्यांनी रजा काढून दिवसभर फेऱ्या केल्या होत्या. ही शेवटची. आणि आज दुपारीच घरच्या ओव्हनने मान टाकली. फ्रीजरमधून काढलेली डबी गरम व्हायच्या आत ओव्हनमध्ये गेली तर पास, नाहीतर सगळं पहिल्यापासून. बसमध्ये लोक त्यांना मासे कसे दिले म्हणून विचारत होते.

“ही पास झाली की तुझी ताई घरी येईल,” ते म्हणाले. मी ओव्हन दाखवला.

ताईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. मालिका सुरू झाली होती. भाऊजी ओव्हन लावून आले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. तिथून त्यांना स्वयंपाकघरातला ओव्हनचा लाल दिवा दिसत होता. रेडिओवर गुप्तहेराने सगळ्यांना घड्याळजीच्या दुकानात जमवलं. बायको रडत होती, न्हावी आपलं निर्दोषपण सांगत होता. भाऊ पुन्हा पुन्हा म्हणत होता की खुन्याला शोधाच, मी सोडणार नाही त्याला. हा भाऊ पहिल्या भागापासून हेच म्हणत आला होता. शेवटी गुप्तहेराने घसा खाकरला. खुनी याच खोलीत आहे, तो म्हणाला.

खर्रर्र.

ताईने डोळे मिटून घेतले. भाऊजी ताडकन उठले आणि त्यांनी बोट दाखवलं ते माझ्या शिवणयंत्राकडे. मी यंत्राची वायर उचलून दाखवली. प्लग माझ्या हातात लोंबत होता. खरखर थांबली. गुप्तहेर म्हणत होता की त्या रात्री दुकानात एकच घड्याळ चालू होतं. पुन्हा खर्रर्र. पुन्हा थांबली.

भाऊजी स्वयंपाकघराकडे बघत होते. मीही बघितलं. लाल दिवा विझला, रेडिओ स्वच्छ. लाल दिवा लागला, खर्रर्र. ओव्हन पुरता तापला की त्याचा आतला स्विच स्वतःच बंद-चालू होऊ लागतो, हे मला त्यांनीच पुढे सांगितलं. जुना झिजलेला स्विच असला की तो प्रत्येक वेळी विजेची कुरबुर सोडतो. आणि ओव्हन पुरता तापायला साधारण मालिका संपत येईपर्यंतचा वेळ लागतो. ताईच्या घरचा ओव्हन तर माझ्या ओव्हनपेक्षाही जुना.

मी भाऊजींना ताईच्या सासू-सासऱ्यांच्या आजारपणात बघितलंय, पण असा चेहरा त्यांचा कधी झाला नव्हता. त्यांचे ओठ हलत होते. लिफ्ट, डॉक्टर, सगळे शनिवार त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. ज्या फिल्टरने ही खरखर थांबली असती तो ओव्हनला लावायला हवा होता, आणि तो इतकी वर्षं ओव्हनच्या आत होता.

दिवा पुन्हा लागायच्या बेतात होता. आत शेवटची फेरी चालली होती, जेमतेम काही मिनिटांची बाकी. गुप्तहेर म्हणाला, “आणि त्या माणसाचं नाव आहे...”

भाऊजी धावले. वाटेत बादलीला पाय लागला, बर्फ सगळ्या फरशीवर झाला, त्यावरून ते अक्षरशः घसरत स्वयंपाकघरात पोचले आणि त्यांनी ओव्हनचा प्लग उपटून काढला.

रेडिओ इतका स्वच्छ होता की गुप्तहेराने घेतलेला श्वास ऐकू आला. खुनी निघाला तो भाऊ. पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या पुढे उभा राहून जो खुन्याला शोधत होता, तोच.

शेवटचं संगीत वाजून संपलं. ताईने रेडिओ बंद केला आणि मान वळवली. भाऊजी ओल्या फरशीवर बसले होते, हातात प्लग.

“मीच होतो गं,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मीच.”

“मला वाटलंच होतं,” ताई म्हणाली. ती घड्याळजीच्या भावाबद्दल बोलत होती की यांच्याबद्दल, ते मी विचारलं नाही. पण मग ती उठून त्यांच्याशेजारी त्या बर्फात जाऊन बसली, तिच्या चांगल्या ड्रेसवर, आणि तिला हसू आवरेना. भाऊजींना मात्र रडू येत होतं. ते म्हणाले की फेरी मोडली, डबी नापासच राहिली. ताई म्हणाली, राहू दे, तशीच लावा ओव्हनला. त्यांनी तोंड उघडलं, तिने नुसतं बघितलं, आणि त्यांनी ते मिटलं. माझ्या आयुष्यात भाऊजींनी न तपासलेली वस्तू वापरायला होकार दिलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

मी फरशी पुसायला घेतली. पुसता पुसता ताईचं बोलणं कानावर येत होतं.

“अहो, मी त्या फुगलेल्या न्हाणीघरात अडकले. तुमच्या यंत्राचे हादरे खाल्ले. बुरशीत हात घातला, डोंगर चढले, बारा महिने ओव्हनपुढे उभी असते. मी झाले की नाही पास?”

भाऊजींनी डोळे पुसले आणि खरोखर विचार केला. तो माणूस अशा बाबतीत खोटं बोलूच शकत नाही.

“तू मध्येच इकडे निघून आलीस ना,” ते म्हणाले. “फेरी मोडली. आता पहिल्यापासून.”

ताईने रेडिओ उचलून त्यांच्या हातात दिला आणि रिकामी बादली स्वतः घेतली.

“चला मग,” ती म्हणाली. “शेवटची बस निघून जाईल.”